हुबळीचा प्लेग आणि नव्या औषधाची पारख



गेल्या काजूच्या हंगामात आपल्यापैकी काही कुटुंबे गोव्याच्या हद्दीवर आणि दोडामार्गच्या बाजूला बागांतून कामाला गेली होती. परत आल्यावर त्यांतील एका आईने मला विचारले, "फादर, माकडतापाची लस बंद झाली म्हणतात. आता नवी येणार आहे, पण ती आधी आम्हां गरिबांवर करून बघणार, असंही तिकडे बोलतात. खरं काय?"

त्या दिवशी मी तिला नीट उत्तर देऊ शकलो नाही. तिच्या बोलण्यात दोन प्रश्न होते. एक, नवे औषध आपल्यापर्यंत पोहोचायला एवढी वर्षे का लागतात? आणि दुसरा, ते माणसांवर करून बघायचे तर कोणावर, आणि कोणाला विचारून? या दोन्ही प्रश्नांचा धडा आपल्या हुबळीतच एकदा गिरवला गेला आहे. १८९८ साली, प्लेगच्या वेळी. आजच्या लेखात प्रथम ती हकीकत पाहू आणि मग माकडतापाकडे वळू.

मुंबईहून आलेली लस

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाने माणसे मरू लागली. हा प्लेग आहे असे प्रथम ओळखून सांगणारे डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगश हे गोव्याचे, आपल्याच धर्माचे. त्यांच्यावर पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. पण रोग त्यांच्या सांगण्याप्रमाणेच निघाला, आणि ऑक्टोबरात सरकारने वाल्देमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाला मुंबईस बोलावले. हाफकिन हे ओडेसा शहरी जन्मलेले ज्यू गृहस्थ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवरची लस तयार केली होती आणि ती घेऊन ते हिंदुस्थानात आले होते.

ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. तेथे त्यांनी प्लेगचे जंतू मांसाच्या रश्श्यात वाढवले. रस्सा बोकडाच्या मांसाचा घेतला, कारण गाईचा किंवा डुकराचा म्हटला असता तर येथे ती लस कोणी अंगाला लावून घेतली नसती. औषध बनवताना घेणाऱ्याच्या मनाचा असा विचार करावा लागतो, हे त्या परदेशी माणसाला कळले होते. रश्श्यावर तुपाचे थेंब टाकले, की त्यांना धरून जंतूंच्या जटा खाली लोंबत वाढत. मधूनमधून भांडे हलवून त्या खाली पाडायच्या, की वर नव्या येत. पाचसहा आठवड्यांनी तो रस्सा तापवून जंतू मारायचे, वर थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे आणि बाटल्या भरायच्या. मेलेल्या जंतूंची ओळख शरीराला आधीच करून द्यायची, म्हणजे जिवंत जंतू आला तर शरीर तयार असेल, अशी त्यामागची कल्पना.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि पुढे लोकांना देत त्याहून मोठ्या मात्रेत. ताप आला, अंग दुखले, पण ते बरे झाले.

एवढ्यावरून काय सिद्ध झाले? लस घेऊन माणूस मरत नाही, एवढेच. ती प्लेग थांबवते की नाही, हे एका माणसावरून कळणे शक्यच नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तेथील सुमारे निम्म्या कैद्यांना टोचले आणि उरलेल्यांना टोचले नाही. टोचलेल्या १४७ जणांपैकी दोघांना प्लेग झाला व कोणी दगावले नाही. न टोचलेल्या १७२ जणांपैकी बारा जणांना झाला आणि सहा मेले. कैदी स्वखुशीने पुढे आले असे म्हणतात. पण तुरुंगातल्या माणसाची खुशी ती कितीशी खुशी, हा प्रश्न मला सोडवत नाही.

निम्मे शेत का राखायचे

पुढच्या वर्षी, १८९८ च्या फेब्रुवारीत, बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावी याहून नेटकी पारख झाली. तेथे घराघरांतून माणसे वाटली गेली. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणाऱ्या कुटुंबातले काहीजण टोचले, काही तसेच ठेवले. नंतर ज्या २८ घरांत प्लेग आला, तेथे न टोचलेले ६४ होते. त्यांतील २७ जणांना रोग झाला आणि २६ मेले. टोचलेले ७१ होते, त्यांतील आठ आजारी पडले आणि तीन मेले.

हे आकडे वाचताना अंगावर काटा येतो. ज्यांना टोचले नाही त्यांचे काय, असे कोणीही विचारील. पण शेतकऱ्याला यातले तत्त्व समजावून सांगावे लागू नये. १९७२ साली आपल्या धारवाडात 'वरलक्ष्मी' हे संकरित कापसाचे वाण निघाले. असे वाण निघते तेव्हा ते चांगले की वाईट हे कसे ठरवतात? एकाच जमिनीत, एकाच पावसावर, शेजारी शेजारी तुकडे पाडून, एकात नवे आणि एकात जुने वाण लावून. नवे वाण काळ्या रानात आणि जुने मुरमाड माळावर लावले तर त्या तुलनेला काही अर्थ राहत नाही. माणसांचेही तसेच आहे. ऐपतदार, धडधाकट, स्वच्छ घरातले लोक लस घेतील आणि गरीब, अशक्त लोक घेणार नाहीत, मग घेणारे जगले ते लशीने की भाकरीने, हे कसे कळणार? म्हणून एकाच घरातले दोन वाटे.

आज हीच पद्धत जगभर आहे. फरक इतकाच, की कोण कोणत्या वाट्यात जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवतात, आणि शक्य तेथे डॉक्टरालाही कळू देत नाहीत की हा रोगी कोणत्या वाट्यातला, म्हणजे त्याच्या मनाचा कल आकड्यांत उतरत नाही. ज्या रोगावर आधीचे चांगले औषध आहे, तेथे दुसऱ्या वाट्याला ते जुने औषध द्यायचे असते, रिकामे ठेवायचे नसते.

हुबळीत काय झाले

आता आपल्या गावाकडे येऊ. त्या वेळी धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता. कापसाचा व्यापार, रेल्वेचा कारखाना, रोज गाड्यांची ये-जा, त्यामुळे प्लेगला हुबळी गाठायला वेळ लागला नाही. १८९८ च्या उन्हाळ्यापासून पुढे सर्जन-कॅप्टन ल्यूमन यांच्या देखरेखीखाली येथे टोचण्याचे काम सुरू झाले आणि पावसाळा संपेपर्यंत तीस हजारांहून अधिक लोकांना टोचून झाले. पुष्कळांना दोनदा टोचले. गावाची वस्ती तेव्हा पन्नास हजारांच्या आतबाहेर होती, हे ध्यानात घ्या. एवढ्या मोठ्या गावातील बहुतेक लोकांनी एक नवी, वर्षादीड वर्षाची लस घेण्याचे हे त्या काळातले फार मोठे उदाहरण होते.

लोक तयार कसे झाले? याच्या आदल्याच वर्षी पुण्यात सरकारने जबरदस्तीचा मार्ग धरला होता. सोजीर घरात शिरत, माणसे ओढून नेत, देवघरात बूट जात. त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात झाला. हुबळीची लस म्हणजे पुण्याचा बंदोबस्त नव्हे. अर्थात येथेही सारे खुशीने झाले असे मी म्हणणार नाही. टोचल्याचा दाखला असला की क्वारंटाइनच्या जाचातून सूट मिळे, आणि ही सूट म्हणजे गोड शब्दांतला दाबच. परंतु माझ्या मते मुख्य कारण वेगळे होते. शेजारच्या घरात टोचलेले जगत आहेत आणि न टोचलेले जात आहेत, हे लोक डोळ्यांनी पाहत होते.

नंतर एडिंबरोचे प्राध्यापक फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिशन बसले. हिंदुस्थानभरच्या आकड्यांची त्याने छाननी केली आणि बरीच खोट काढली. गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिलेले किती, परत आलेले किती, न टोचलेले नक्की किती, याचा हिशेब अनेक ठिकाणी धड ठेवलेला नव्हता. टोचलेल्यांची वही पक्की आणि उरलेल्यांचा आकडा अंदाजाचा, असे असले की औषध आहे त्याहून गुणकारी दिसू लागते. तरीही कमिशनचा निष्कर्ष असा होता, की लशीने रोग कमी होतो आणि मृत्यू त्याहूनही कमी होतात, पण पुरते संरक्षण मिळत नाही. मला हा निकाल फार आवडतो. स्तुती नाही, निंदा नाही. जेवढे आहे तेवढे.

एका बाटलीची गोष्ट

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना टोचले. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मेले. एकोणिसांनाही एकाच बाटलीतली लस दिली होती. बाटलीचा नंबर ५३-एन.

गदारोळ उठला. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, कारण लस जास्त प्रमाणात करता यावी म्हणून हाफकिन यांनी कृतीत बदल केले होते आणि कार्बोलिक आम्ल वगळले होते. त्यांना कामावरून दूर केले. मागाहून तपासात निघाले ते असे, की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढले गेले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपण शेतकरी जाणतोच. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ च्या जुलैत लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षाअखेर ते दोषमुक्त ठरले. पाच वर्षे गेली होती. ते पुन्हा हिंदुस्थानात आले, पण कलकत्त्यास. १९१४ साली निवृत्त होऊन गेले, १९३० मध्ये लोझान येथे वारले. त्यांनी उभारलेल्या परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव मिळाले. तीच आजची हाफकिन संस्था.

या गोष्टीत एका माणसावरचा अन्याय आहे, तो सर्वांना दिसतो. पण मला त्यात बाटलीवरचा नंबर महत्त्वाचा वाटतो. नंबर नसता तर एकोणीस मृत्यू एकाच बाटलीचे, हे कळलेच नसते आणि सबंध लसच विषारी ठरली असती. म्हणून आजही प्रत्येक लशीच्या कुपीवर बॅच नंबर असतो, तो रजिस्टरात लिहावा लागतो, आणि प्रत्येक बॅच बाहेर पडण्याआधी तपासावी लागते. औषध शोधून काढणे हे निम्मे काम आहे. ते कारखान्यात दर वेळी तसेच उतरणे आणि गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत चांगल्या स्थितीत पोहोचणे, हे उरलेले निम्मे. कोंब फुटलेले बियाणे चांगल्या वाणाचे होते म्हणून काय उपयोग?

प्लेगवर पुढे खरी औषधे आली, आधी सल्फा आणि मग स्ट्रेप्टोमायसिन. आज वेळेवर रोगी पोहोचला तर तो बहुधा वाचतो. हाफकिन यांच्या लशीची गरज त्यामुळे उरली नाही.

माकडताप

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या रानात, माकडे मरू लागली आणि मागोमाग रानात जाणारी माणसे तापाने पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने या रोगाचा विषाणू शोधून काढला. गोचिडीच्या चाव्यातून तो माणसाला होतो. माणसापासून माणसाला होत नाही. एकदम जोराचा ताप, डोके व अंग मोडून जाणे, काहींना हिरड्या व नाकातून रक्त. शंभर रोग्यांत तीन ते पाच दगावतात. यावर खास असे औषध अजून नाही. पाणी, रक्तदाब, रक्तस्राव सांभाळत रोग्याला तारून न्यायचे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. रोग शिमोग्यात राहिला नाही. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गच्या दोडामार्गात तो दिसला. उत्तर कन्नडमध्ये सिद्दापूरच्या बाजूला तर आहेच.

सुरुवातीला रशियातल्या एका मिळत्याजुळत्या तापावरची लस शिमोग्यात वापरून पाहिली. तिचा गुण आला नाही. शेजारच्या पिकाचे औषध आपल्या पिकाला चालेलच असे नाही. मग याच विषाणूपासून लस तयार झाली आणि १९९० पासून कर्नाटक सरकारने ती गावोगाव दिली. एक महिन्याच्या अंतराने दोन टोचण्या, सहा ते नऊ महिन्यांनी तिसरी, पुढे दर वर्षी एक. टोचणी दुखे. मजुरी बुडवून वर्षानुवर्षे दुखणे विकत घ्यायला किती लोक येणार? २००५ ते २०१० या वर्षांतल्या आकड्यांवरून संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा एकाच टोचणीने काहीच संरक्षण मिळत नाही, दोन घेतल्यास सुमारे ६२ टक्के आणि तिसरीनंतर सुमारे ८३ टक्के मिळते, असे दिसले. म्हणजे 'मी एकदा घेतली आहे' म्हणून निर्धास्त रानात जाणारा फसत होता. पुढे लशीची शक्तीच कमी पडते असे आढळले आणि २०२२ मध्ये ती थांबवली गेली.

तेव्हा त्या आईने ऐकले ते खरे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हैदराबादच्या इंडियन इम्युनोलॉजिकल्स कंपनीबरोबर नव्या लशीचे काम हाती घेतले आहे. एवढा उशीर का, याचे उत्तर मी स्पष्ट देतो. हा रोग रानाच्या कडेला राहणाऱ्या गरिबांचा आहे. श्रीमंत देशात तो नाही, शहरात नाही, म्हणून लस विकून नफा नाही. अशा रोगाचे औषध सरकारने पैसा घालून करवून घ्यावे लागते. आणि मते थोडी असली की सरकारलाही घाई नसते.

बाकीचा वेळ मात्र घाई करून वाचवण्यासारखा नाही. प्रथम जनावरांवर, मग थोड्या निरोगी माणसांवर (ती सुरक्षित आहे का, एवढेच पाहायला), मग काही शेकड्यांवर मात्रा ठरवायला, आणि मग मोठ्या संख्येवर, दोन वाटे करून. कोविडच्या वेळी या पायऱ्या एकमेकींच्या अंगावर चढवून काम लवकर झाले, तरी कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ रोजी परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या पायरीचे आकडे हाती आलेले नव्हते. ते मार्चमध्ये आले आणि चांगले आले. पण मधल्या दोन महिन्यांत लोकांच्या मनात जो संशय शिरला, तो आकड्यांनीही पुरता गेला नाही. लस चांगली निघाली म्हणून ती घाई योग्य ठरते, असे मला वाटत नाही.

सही करण्यापूर्वी

राहिला दुसरा प्रश्न, 'आमच्यावर करून बघणार का?' कोणावर तरी करावेच लागते, आणि ज्या भागात रोग आहे तेथेच शेवटची पारख होऊ शकते. पण विचारल्याशिवाय नाही. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस शाळकरी मुलींना दिली गेली, तेव्हा वसतिगृहात राहणाऱ्या अनेक मुलींच्या कागदांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. काही मुली पुढे मरण पावल्या. त्यांच्या मृत्यूशी लशीचा संबंध चौकशीत दिसला नाही, पण त्या सह्या चुकीच्याच होत्या, आणि २०१० मध्ये काम थांबवावे लागले. पुढे २०१९ मध्ये औषधांच्या चाचण्यांचे नवे नियम आले. त्यांप्रमाणे माहितीचा कागद आपल्याला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवला पाहिजे, आणि त्याची एक प्रत आपल्याला मिळाली पाहिजे. कधीही, कारण न देता, बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार व भरपाई आहे. प्रत्येक चाचणी सरकारी नोंदवहीत आधी नोंदलेली असावी लागते. तो नोंदणी क्रमांक मागून घ्या. 'फादरांनी सांगितलंय, कर सही' असे कोणी माझे नाव घेऊन सांगितले तर सही करू नका. मी कोणाच्या शरीराची सही देऊ शकत नाही.

नवी लस हाती येईपर्यंत काजूला, सुपारीला किंवा सरपणाला मलनाडच्या बाजूला जाणाऱ्यांनी डिसेंबर ते जूनपर्यंत जपावे. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजारीचे टोक मोज्यात खोचावे, उघड्या अंगाला आरोग्य खात्याकडून मिळणारे डेपा तेल चोळावे. पाचोळ्यावर बसू नये. घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने आंघोळ करावी, काखा व जांघा तपासाव्यात. रानात चरून आलेल्या गुरांच्या गोचिडी वेळेवर काढाव्यात. मेलेले माकड दिसले तर हात लावू नये, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे. ताप आला तर अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नये, कारण काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. सरळ सरकारी दवाखान्यात जावे आणि 'मी रानात गेलो होतो' हे पहिल्याच वाक्यात डॉक्टरांना सांगावे.